चाळीस धरायचे की ऐंशी

नाशिकहून निघताना

नाशिक म्हटलं की लोकांना रामकुंड, द्राक्षं आणि चिवडा एवढंच आठवतं. पेठ रस्त्यानं पश्चिमेला तीन तास गेलं की ह्यातलं काहीच उरत नाही. जे तिकडे कधी गेले नाहीत, आणि जाण्याचा संभवही नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी स्वतः जन्मभर नाशकात राहून पन्नाशीपर्यंत त्यांच्यातलीच होते. शाळेत मराठी शिकवणारी, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी आणि एकदा बोलायला उभी राहिली की खाली बसायचं विसरणारी बाई. डोंगरातल्या कॅथलिक वस्त्यांवर जाऊन बायबल समजावून सांगणारं कुणीतरी हवंय, असं आमच्या चर्चमध्ये निघालं, तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आमचे हे म्हणाले, “जा, तिकडच्या लोकांना तुझं ऐकून घ्यायला वेळ तरी असेल.” तेव्हापासून दर फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी उंबरपाड्याला जाते.

फेब्रुवारीच का, तर दोन तारखेला आमचा मेणबत्त्यांचा सण असतो. येशू चाळीस दिवसांचा झाल्यावर मरिया आणि योसेफ त्याला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेले, त्याची ही आठवण. आता ह्याला प्रभूच्या समर्पणाचा सण म्हणतात. माझी आई मात्र मरेपर्यंत मरियामातेच्या शुद्धीकरणाचा सण म्हणायची, आणि मी तिला दर वेळी सुधारायची. मरियेला कसलं आलंय शुद्धीकरण, असं माझं म्हणणं. आई म्हणायची, “तुला पोर झालं की बोल.” मला दोन झाली, तरी माझं म्हणणं बदललं नव्हतं.

ह्या वेळी शिकवायचा विषय नेमका हाच होता. जुन्या इस्राएलातले शुद्धीकरणाचे विधी, आणि आज आपल्याला त्यांचं काय. खरं तर हा विषय मी गेल्याच वर्षी काढला होता, पण तो अर्धाच झाला. दोन दिवसांची शिकवणी ठरली होती. पहिल्या दिवशी मी बायबलातल्या लेवीय पुस्तकातले नियम सांगितले. बाळंतपण, रक्त, कोड, मृताला शिवणं, कशानं माणूस अशुद्ध होतं आणि किती दिवस. पोथीतला शब्द ‘अशुद्ध’ असा आहे. तो ह्यांना जड जाईल, म्हणून मी सरळ ‘विटाळ’ म्हटलं, आणि सगळ्यांच्या माना भराभर हलल्या. शिक्षकाला अशा हललेल्या मानांसारखं सुख नाही. दुसऱ्या दिवशी ख्रिस्तानं ह्या सगळ्याचं काय केलं ते सांगायचं होतं. पण सकाळी सातलाच जीप आली, आणि ड्रायव्हर म्हणाला, आत्ता निघालात तर ठीक, पुढची गाडी परवा. मला शाळा होती. मी जीपमधूनच हात हलवत ओरडले, “बाकीचं पुढच्या वर्षी सांगते!” आणि निघून आले. ते वाक्य मी वर्षभरात एकदाही आठवलं नाही.

पेठच्या पुढं

सावळघाट उतरलं की हवा बदलते. भाताची खाचरं कापून रिकामी पडलेली, बांधावर राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पालापाचोळा रचून ठेवलेला, आणि मध्येच एखादी काटेसावर अंगावर एक पान नसताना लालभडक फुललेली. पेठला एसटीतून उतरून मी पुढच्या जीपमध्ये बसले. बसले म्हणजे माझा एक पाय जीपमध्ये होता. दुसऱ्या पायाच्या जागी एका माणसाची शेळी होती.

मी बरोबर यरुशलेमच्या मंदिराचा नकाशा आणला होता. चार रात्री खपून, मुलीचे रंग वापरून काढलेला. परराष्ट्रीयांचं अंगण, स्त्रियांचं अंगण, याजकांचं म्हणजे पुजाऱ्यांचं अंगण आणि मध्यभागी सोनेरी रंगात परमपवित्र स्थान, जिथं वर्षातून एकदा फक्त महायाजक जाई. तो गुंडाळून मी मांडीवर धरला होता. जीप एका वळणावर आदळली, मी खिडकीचा गज धरला, आणि परत पाहिलं तर शेळीच्या तोंडात सोनेरी कागद होता. तिनं बाकी अंगणांना तोंडही लावलं नव्हतं, नेमकं परमपवित्र स्थान खाल्लं होतं. शेळीचा मालक म्हणाला, “बाई, राग नका धरू. लय शानी हाय, चांगलंच खाते.” सगळी जीप हसली आणि नाइलाजानं मीही हसले.

शेवटचा दीड मैल पायी. ओढा ओलांडताना चपलेचा अंगठा तुटला. नाशकात असते तर चांभार सापडेपर्यंत हळहळले असते. इथं चपला हातात घेतल्या आणि चालू लागले. अशा थाटात, अनवाणी, हातात चपला आणि खाल्लेलं मंदिर घेऊन मी उंबरपाड्यात शिरले.

ठकीबाईच्या ओटीवर

मी दर वर्षी ठकीबाईकडे उतरते. साठीची बाई, उंचीनं माझ्या खांद्याला लागेल आणि आवाजानं माझ्या वरताण. तिचा मुलगा सोमा दिवाळीनंतर पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षाच्या मळ्यात कामाला जातो, तो होळीला परततो. घरी ती आणि तिला आत्याबाई म्हणणारी तिची सून यमुना, दोघीच. कारवीच्या कुडाचं घर, शेणानं सारवलेली ओटी, आणि पाहुणं आलं की आधी पायावर पाणी. नाशकात पाहुण्याला आपण आधी पंखा लावून देतो. पायावर पाणी बरं, हे माझं मत मी तिथंच जाहीर केलं.

कोरा चहा पिताना मला कोपऱ्यात कोंबड्यांचं डालगं उपडं घातलेलं दिसलं. आत कोंबड्या नव्हत्या, दोन होले होते, रानातली कबुतरंच म्हणा. राखी रंगाचे, मानेवर ठिपके असलेले, एकमेकांना चिकटून बसलेले. मी खूश झाले. “वा ठकीबाई! आज होल्याचं कालवण दिसतंय.”

ठकीबाईचा हात चहाच्या भांड्यावरच थांबला. “खायाचं नाय ते, बाई. यमुनीच्या इटाळाचं हाईत.”

“कसल्या विटाळाचे?”

“आता तुमीच तर सांगितलं,” ती म्हणाली, माझ्या विसरभोळेपणाचं तिला नवल वाटत होतं. “बाळत झालेलीनं देवाच्या घरात पाय ठिवायचा नाय. पोरगा झाला तर चाळीस दिस, पोरगी झाली तर ऐंशी. मंग दोन होलं न्यायचं, याजकाच्या हातात द्यायचं, तवा इटाळ फिटतो. यमुनी पावसात बाळत झाली. पोर रडलंच नाय. झालं ते गेल्यालंच झालं. तर मंग अशीचं काय, किती दिस, ते तुमी सांगितलं नव्हतं. बाकीचं पुढल्या साली म्हनलात. म्हून थांबलो.”

“आणि यमुना? चर्चमध्ये…”

“भायेरच. मोहाच्या झाडाखाली उभी ऱ्हाते. फादर येतो तवा बी भायेरच.”

मला आधी हसू येऊ लागलं होतं, ते तोंडातच मेलं. आषाढापासून फेब्रुवारीपर्यंत एक मुलगी देवळाच्या भिंतीबाहेर उभी होती, आणि ती माझी वाट पाहत होती. मग राग आला. जीपच्या ड्रायव्हरचा आला, शाळेचा आला, आणि फिरून फिरून तो जिथं यायला हवा तिथं आला.

यमुना पाण्याचे दोन हंडे घेऊन आली तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. बावीस-तेवीस वर्षांची असेल. गेल्या वर्षी ती शिकवणीला आली होती, चार महिन्यांची गरोदर, आणि माझं एकूण एक वाक्य ओठ हलवत पाठ करत होती. मला वाटलं होतं, किती गुणी विद्यार्थिनी आहे! आता तिनं हंडे उतरवले, मला वाकून नमस्कार केला आणि आत गेली.

मला फार वेळ खचून बसता येत नाही, तो माझा स्वभाव नाही. मी ठरवलं, सोपं आहे. अर्धं सांगून घोळ झाला, तर उरलेलं अर्धं सांगितलं की घोळ मिटेल. उद्या सकाळी उभी राहीन, आणि दुपारी यमुना आत असेल.

शिकवणी

उंबरपाड्याचं चर्च म्हणजे विटांच्या तीन भिंती, पत्र्याचं छप्पर आणि पुढं मोठं दार. सकाळी फादर रेमंड मोटारसायकलवरून आले. हे मूळचे वसईकडचे, चाळिशीचे, अबोल. गेल्या पावसाळ्यानंतरच इकडे बदलून आलेले. मी त्यांना दारातच गाठून सगळं सांगितलं. ते मोहाच्या झाडाकडे वळले. “मी दर महिन्याला तिला तिथं बघतो,” ते म्हणाले. “मला वाटायचं लाजते.”

मग मी बोलले, आणि चांगली बोलले हे मला सांगितलंच पाहिजे. तीस-पस्तीस माणसं होती. मी म्हटलं, गेल्या वर्षी मी एक शब्द चुकीचा वापरला. पोथीतलं अशुद्ध म्हणजे घाण नव्हे आणि पाप तर मुळीच नव्हे. त्याच नियमात बापाला पुरणारा मुलगाही अशुद्ध ठरतो. बापाला पुरणं पाप आहे का? नाही. नाशकात लोक स्मशानातून येतात आणि उंबऱ्याबाहेर पाय धुतात, तेव्हा खांदा देणारानं गुन्हा केला असं कुणी म्हणत नाही. रक्त, जन्म, मरण, ही जिवाच्या काठावरची कामं. त्या काठावर जाऊन आलेल्या माणसाला इस्राएली लोक म्हणत, थोडं थांब, मग ये. एवढंच.

मग मी येशूवर आले. बारा वर्षं रक्त जाणारी बाई त्याच्या कपड्याला शिवली. कोडी माणसाला त्यानं हात लावला. मेलेल्या मुलीचा हात त्यानं हातात धरला. नियमाप्रमाणे दर वेळी त्याला विटाळ लागायला हवा होता. झालं उलटंच. त्याचं शुद्धपण त्यांना लागलं. म्हणून आपण दारातल्या पवित्र पाण्यात बोट बुडवतो ते घाण धुवायला नव्हे, आपला स्नानसंस्कार, आपला बाप्तिस्मा आठवायला. एकदा त्या पाण्यातून गेलेल्याला पुन्हा होले लागत नाहीत.

ठकीबाई उभी राहिली. “पर मरियेनं तर दिलं होलं.”

“दिले,” फादर बोलले. दिवसभरातलं त्यांचं पहिलंच जाहीर वाक्य. “गरिबांना कोकरू परवडत नसे, त्यांनी दोन होले द्यायचे. तिनं ते दिले.”

“मंग तिनं आपल्या वाटचंबी दिलं काय?”

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. “हो,” ते म्हणाले, “तुमच्याही वाटचं.”

“मंग घरच्या दोन होल्यांचं काय करू?”

“कालवण करा.”

हशा पिकला. ठकीबाईही हसली. सगळ्यांना पटलं होतं, माना पुन्हा हलल्या होत्या. मी विजयी मुद्रेनं बाहेर मोहाखाली गेले. खिडकीला तावदान नव्हतं, यमुनेनं सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, “ऐकलंस ना? संपलं सगळं. चल आत.”

ती एक पाऊल मागं सरली. “पानी आनाया जायाचंय,” ती म्हणाली आणि गेली.

दुपारी होल्याचं कालवण झालं, नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. हाडं बारीक, मांस थोडं, पण मिरचीबरोबर फर्मास. नाशकात कुणी मला होला वाढला असता तर मी नाक मुरडलं असतं. इथं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. फादरही जेवायला होते. यमुनेनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः चटणीशी भाकरी खाल्ली. मी दहा वेळा आग्रह केला. ठकीबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या बाई, तिचं असंच हाय.”

झऱ्यावर

दोन तारखेला सकाळी उठले तेव्हा ऊन नुकतंच झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं. यमुना झऱ्यावर निघाली होती, मी तिच्या मागं गेले. अनवाणीच, चपला अजून तशाच होत्या. झरा खडकातून बोटभर धारेनं येतो, त्याखाली हंडा ठेवायचा आणि भरेपर्यंत बसून राहायचं. नाशकातल्या माझ्या घरी नळाला पाणी उशिरा आलं तरी मी नगरसेवकाला शिव्या देते. इथं रोज एवढा वेळ बसायचं म्हणजे बोलायला वेळच वेळ. पण यमुना बोलेना. म्हणून मीच बोलले, आणि आयुष्यात क्वचित करते ते केलं. तिची माफी मागितली.

तिनं धारेखाली बोटं धुतली. मग म्हणाली, “बाई, तुमचं काल समदं पटलं. इटाळ नाय ते पटलं. होलं नको ते बी पटलं.”

“मग?”

“चाळीस धरू का ऐंशी?”

मला कळेना. “आता मोजायचंच नाही ना, यमुने.”

“मोजाया नाय.” तिनं हंडा थोडा सरकवला. “मला कोनी दावलंच नाय. सुईण व्हती, आत्याबाई व्हत्या. फडक्यात गुंडाळलं आन भायेर नेलं. मी इचारलं, पोरगा का पोरगी? तर म्हनल्या, रडलंच नाय, आता काय इचारतीस. समदी ‘ते’च म्हनत्यात. ते रडलं नाय. ते गेलं. ते पुरलं. मी तरी काय म्हनू? पोरगा व्हता तर चाळीस धरलं असतं. पोरगी व्हती तर ऐंशी. दोनातलं एकबी धरता येईना. म्हून आत जाईना. आत जाऊन देवाला काय सांगू, कोन व्हतं माझं?”

मी तीस वर्षं मराठी शिकवते आहे. मूल, बाळ, पोर, ही सगळी नपुंसकलिंगी नामं, हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं आहे. मुलांनी हसू नये म्हणून त्या वेळी डोळेही वटारले आहेत. त्या व्याकरणाच्या आडोशाला सात महिने कुणी काही लपवू शकतं, हे मला त्या झऱ्यावर कळलं. मी रडले. यमुना रडली नाही. हंडा भरून वाहू लागला, तेव्हा तिनं तो उचलला आणि मला म्हणाली, “चला, उन्ह व्हईल.”

फादर आणि ठकीबाई

फादर चर्चच्या पायरीवर मेणबत्त्या मोजून ठेवत होते. मी त्यांना यमुनेचा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, “आमच्या वसईकडे आजी सांगायची, पूर्वी बाळंतीण पहिल्यांदा चर्चला यायची तेव्हा आपण होऊन आत जायची नाही. मेणबत्ती घेऊन दारात थांबायची. फादर आतून यायचे, आपल्या गळ्यातल्या पट्ट्याचं टोक तिच्या हातात द्यायचे आणि तिला आत घेऊन जायचे.”

ही पद्धत मला ऐकून माहीत होती. माझ्या आईचंही तसं झालं होतं, आणि तिच्याशी माझी सर्वांत जास्त भांडणं त्यावरूनच व्हायची. मी तिला बुरसटलेली म्हणायची. बाईला बाहेर उभं करण्याची पद्धत, असं मी म्हणायची. त्यात दारापर्यंत कुणीतरी चालत यायचं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि लेवीयच्या पुस्तकात तरी काय आहे? प्रत्येक नियमाच्या शेवटी परत कसं यायचं ते आहे. कोडी बरा झाला तर याजकानं स्वतः छावणीबाहेर जाऊन त्याला बघायचं, असं आहे. माझी पहिल्या दिवसाची शिकवणी बाहेर कुणाला ठेवायचं तिथवर येऊन थांबली होती. आणि काल मी बाहेर कुणी नाहीच असं सांगून मोकळी झाले होते. यमुना मात्र दोन्ही शिकवण्यांनंतर मोहाखालीच उरली होती.

“आजही तसं करता येईल?” मी विचारलं.

“आईला आशीर्वाद द्यायला कुणाची परवानगी लागते?” फादर म्हणाले. “पण तिचा प्रश्न मला सोडवता यायचा नाही. तो घरातच सुटेल.”

म्हणून मी ठकीबाईकडे गेले. ती भाकऱ्या थापत होती. मी तिच्यापुढं चुलीशी बसले आणि सरळ विचारलं. “ठकीबाई, पावसात जे झालं, तो मुलगा होता की मुलगी?”

तिचा हात थांबला नाही. “आता काय करायचंय ते, बाई. सुईण म्हनली, दावू नको, सांगू नको. तोंड बघितलं की मन गुततं. ‘ते’ म्हनलं की लवकर इसरतं.”

“विसरली का?”

ठकीबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “पाऊस लय व्हता. सोमा खड्डा खांदाया गेला. मी आत कोपऱ्यात ऊन पानी करून न्हाऊ घातलं तिला. कोनाला दिसू नये म्हून पाठमोरी बसली व्हती मी.”

“तिला,” मी म्हटलं.

भाकरी करपली. तिनं ती उलटलीच नाही. इतक्या मोठ्या आवाजाची ती बाई, पण तिचं रडणं अगदी बारीक होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. ती म्हणाली, सुनेच्या भल्यासाठीच केलं, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. मीही गेल्या वर्षी भल्यासाठीच बोलले होते.

“आज तिला सांगाल?” मी विचारलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मान हलवली. ती हो होती की नाही, हे मला कळलं नाही.

दारात

मेणबत्त्यांच्या सणाची मिस्सा, म्हणजे आमची उपासना, चर्चच्या बाहेरच सुरू होते, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सगळे अंगणात जमतात, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती असते, फादर त्या आशीर्वादित करतात, आणि मग सगळे मिळून आत जातात. आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये आवारात फरसबंदी आहे आणि प्रत्येकाला कागदाची वाटी मिळते, हातावर मेण सांडू नये म्हणून. इथं शेणानं सारवलेलं अंगण आणि पळसाच्या पानाचे द्रोण. उन्हात ज्योती दिसतही नव्हत्या, वारा आला की नुसता वितळल्या मेणाचा वास यायचा. पण त्या दिवशी अख्खा उंबरपाडा बाहेर होता, त्यामुळे मोहाखालची यमुना पहिल्यांदाच इतरांहून वेगळी दिसत नव्हती. मी तिच्या हातात मेणबत्ती दिली होती आणि काय होणार ते सांगितलं होतं. तिनं हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं.

लोक गात गात आत गेले. गर्दी सरली तशी यमुना अंगणात एकटी उरली. ठकीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी उंबऱ्याच्या आत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. मला असं गप्प उभं राहायची सवय नाही.

वेदीपर्यंत गेलेले फादर वळले. सगळं चर्च ओलांडून परत दारापर्यंत आले, उंबरा उतरून बाहेर गेले आणि यमुनेसमोर उभे राहिले. गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्याचं टोक त्यांनी पुढं केलं आणि प्रार्थना सुरू केली. यमुनेनं ते टोक धरलं नाही. तिचे डोळे चौकटीकडे होते.

फादरांची प्रार्थना अर्ध्यावर आली असेल. ठकीबाई चौकट सोडून पुढं झाली. तिचा आवाज नेहमीचाच निघाला, आतल्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“यमुने, पोरगी व्हती. मी न्हाऊ घातलं तिला. केस लय व्हतं. डाव्या कानामागं तीळ व्हता, तुझ्यावानी.”

फादर थांबले. आतलं गाणंही कुणीतरी थांबवलं. यमुनेचा हात आपोआप स्वतःच्या कानामागं गेला. मग तिचे ओठ हलू लागले, गेल्या वर्षी पाठ करताना हलायचे तसेच, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. आषाढ, श्रावण, भादवा. आम्ही सगळे तिच्या अंगठ्याकडे बघत होतो.

“मंग ऐंशी,” ती म्हणाली. “ते तर दसऱ्याच्या सुमारालाच भरलं.”

आणि फादरांनी धरलेला पट्टा तसाच सोडून, त्यांच्या बाजूनं, डोक्यावरचा पदर सारखा करत ती उंबरा चढून आत आली. माझ्याजवळून जाताना तिनं मेणबत्ती माझ्या हातात दिली, तिला हात मोकळे हवे होते. चार पावलं गेली असेल, तेव्हा तिच्या लक्षात आलं की मागून कुणी येत नाही. ठकीबाई उंबऱ्यालगत अंगणात खाली बसली होती, तोंडावर पदर धरून.

यमुना परत दाराशी गेली. उंबऱ्यावरून वाकली आणि तिनं सासूचा दंड धरला.

“उठा आत्याबाई, चला,” ती म्हणाली. “तुमीच तर हातात घेतलं तिला.”